घाटालगतची पेठ पाडण्याची नोटीस येते तेव्हा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

कृष्णाकाठच्या गावांतून या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत. घाटाला लागून असलेल्या जुन्या आळ्या आणि वाडे पाडले जाणार, ते वाचवायचे तर काय करावे, हा तो विषय. म्हणून या अंकात दुसरा कोणताही प्रश्न घेतलेला नाही. पत्रे जागेअभावी थोडी संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांच्या विनंतीनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत. पहिल्या पत्रातील गावाचे नावही त्याच कारणाने वगळले आहे.

प्रश्न : आमची पेठ कृष्णेच्या घाटाला लागून आहे. पेठेत साठेक घरे असून त्यांतील वीसेक जुने वाडे आहेत. मे महिन्यात त्यांपैकी चौदा वाड्यांना ‘धोकादायक इमारत’ म्हणून नोटिसा लागल्या. त्याच सुमारास घाटाच्या सुशोभीकरणाचे एक चित्र वर्तमानपत्रात आले. त्यात आमच्या पेठेच्या जागी रुंद रस्ता, वाहनतळ आणि बाग दाखवली आहे. आम्ही चारशे सह्यांचे निवेदन दिले, एक दिवस घाटावर बसलो, लोकप्रतिनिधींना भेटलो. सगळे ‘बघू’ म्हणतात. पावसाळा उलटताच पाडकाम सुरू होणार असे ऐकतो. आता नेमके काय करावे? अशी मोहीम कधी यशस्वी झाली आहे का?
— एक रहिवासी, सातारा जिल्हा

उत्तर : आपण केलेले काहीही वाया गेलेले नाही. मात्र चारशे सह्यांचे निवेदन ज्या टेबलावर पोचले, त्या टेबलावर पाडकामाचा निर्णय होत नाही, आणि ‘बघू’ या उत्तराचे कारण बहुधा तेच आहे. आपल्या पेठेवर एक संकट आलेले नसून तीन वेगवेगळे कागद आले आहेत. प्रत्येक कागदाचा कायदा वेगळा, अधिकारी वेगळा आणि मुदतही वेगळी आहे. ते तीन कागद एकमेकांपासून सोडवून घेणे हे पहिले काम.

पहिला कागद म्हणजे धोकादायक इमारतीची नोटीस. नगरपालिका क्षेत्रात ही नोटीस महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम, १९६५ खाली निघते, महानगरपालिका असेल तर १९४९ च्या अधिनियमाच्या कलम २६४ खाली. ही नोटीस प्रत्येक इमारतीला स्वतंत्र असते, म्हणून तिचे उत्तरही प्रत्येक घरातून स्वतंत्र, लेखी आणि मुदतीत गेले पाहिजे. चौदा घरांचे मिळून एक निवेदन हे चौदा नोटिशींचे उत्तर ठरत नाही. उत्तराची पोच घ्या आणि ती जपून ठेवा. उत्तरात पहिली मागणी ही करा की, आमचा वाडा कोणत्या तपासणीवरून धोकादायक ठरला त्या संरचनात्मक तपासणीच्या अहवालाची प्रत मिळावी. राज्यात धोकादायक इमारतींचे चार वर्ग केलेले आहेत: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडावी अशी, सी-२अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करावी अशी, सी-२ब म्हणजे रहिवासी आत असतानाच दुरुस्त करता येईल अशी आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. चारांपैकी तीन वर्गांचा शेवट दुरुस्तीत होतो. ‘धोकादायक’ हा शब्द वाचताच लोकांच्या डोळ्यांपुढे बुलडोझर उभा राहतो, पण नोटिशीवर आपल्या वाड्याचा वर्ग कोणता लिहिला आहे, किंवा लिहिलाच नाही, हे किती जण पाहतात?

येथे थोडे थांबून वाड्याच्या बांधणीविषयी लिहिणे भाग आहे, कारण माझ्या अनुभवात बहुतेक प्रकरणे येथेच हरली किंवा जिंकली जातात. आपल्याकडचा वाडा म्हणजे काळ्या दगडाचे घडीव जोते, त्यावर सागवानी खांब आणि तुळयांचा सांगाडा, वर कडीपाट, आणि मधल्या भिंती पांढऱ्या मातीच्या किंवा चुन्यात बांधलेल्या भाजक्या विटांच्या. भार बऱ्याच अंशी लाकूड वाहते. भिंत फुगली, पोपडे पडले, कोपऱ्यात चीर गेली, तरी सांगाडा शाबूत असू शकतो. उलट भिंत वरून गुळगुळीत दिसत असताना तिच्यात गेलेले तुळईचे टोक आतून कुजलेले असू शकते. सिमेंट-काँक्रीटच्या इमारती तपासण्याची जी साधने आहेत, उदाहरणार्थ काँक्रीटवर आपटून त्याचा कणखरपणा मोजणारा हातोडा, ती माती-चुन्याच्या भिंतीला लावून काहीच कळत नाही. म्हणून अहवाल हाती आल्यावर तपासणी कशी केली, तुळयांची टोके उघडून पाहिली का, जोते खचले आहे का, हे प्रश्न विचारा आणि जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या अभियंत्याकडून दुसरी तपासणी करून घेऊन ती उत्तरासोबत जोडा. चौदा घरांनी मिळून एक अभियंता आणला तर खर्च प्रत्येकाच्या आवाक्यात राहतो.

वाडे खचण्याची कारणेही त्या अहवालात यावीत असा आग्रह धरा. मी पाहिलेल्या बऱ्याच वाड्यांत तीच ती कारणे होती: फुटलेली पन्हळ वर्षानुवर्षे एकाच कोपऱ्यात पाणी ओतत राहिली, मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, त्यामुळे आतली ओल बाहेर पडायला वाट उरली नाही आणि भिंत आतून भुसभुशीत झाली, जुन्या भिंतींवर नंतर स्लॅब टाकला, घळीत रुजलेला पिंपळ वेळीच उपटला नाही. यांतील प्रत्येक कारणावर उपाय आहे आणि तो पाडकामापेक्षा बहुधा स्वस्त असतो.

तरीही एक गोष्ट मला स्पष्ट लिहिली पाहिजे. चौदांपैकी एखादा वाडा खरोखरच सी-१ वर्गातला निघाला, तर त्यातील माणसांना आधी हलवा. ‘आमचा एकही वाडा धोकादायक नाही’ असे म्हणणाऱ्या मोहिमेची पुढच्या पावसात एक भिंत पडली, तर उरलेले तेरा वाडे वाचवण्याचा नैतिक अधिकारही तिच्यासोबत जातो. शिवाय भिंतीखाली सापडणारे माणूस आपल्याच आळीतले असते.

दुसरा कागद विकास आराखड्याचा. रुंद रस्ता आणि वाहनतळ आराखड्यात खरोखर दाखवलेला आहे की केवळ सुशोभीकरणाच्या चित्रात, हे नगररचना विभागाच्या कार्यालयात जाऊन प्रत्यक्ष नकाशावर पाहा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती व सूचना मागवल्या जातात. ही मुदत अवघ्या ३० दिवसांची असते आणि ती राजपत्रातल्या व वर्तमानपत्रातल्या सूचनेपासून चालू होते. हरकत नोंदवणाऱ्याला सुनावणी मिळते. आराखडा मंजूर झालेला असेल तर कलम ३७ खालील फेरबदलाची वाट असते. तिच्यातही सूचना आणि हरकतींचा टप्पा असतो. आराखड्यात रस्ता नसेल, तर ते चित्र हे चित्रच आहे, आणि तसे लेखी उत्तर मिळवून ते सर्वांना दाखवा.

आणखी एक मुद्दा लोकांना सहसा कोणी सांगत नाही. धोकादायक म्हणून वाडा पाडला, तरी त्याखालची जागा मालकाचीच राहते. रस्त्यासाठी ती हवी असेल, तर संपादनाची रीतसर कार्यवाही करावी लागते आणि मोबदला द्यावा लागतो, मग तो रोख असो वा हस्तांतरणीय विकास हक्काच्या, म्हणजे दुसऱ्याला विकता येणाऱ्या बांधकामहक्काच्या, रूपात. वाडा पडल्यावर मोकळी जागा ‘सहज’ रस्त्यात मिसळून गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. मालक परगावी असतात आणि शेजारी बोलत नाहीत.

तिसरा कागद प्रकल्पाचा. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्काच्या अर्जाने सविस्तर प्रकल्प अहवाल, मोजणी नकाशा, निविदेची कागदपत्रे, कार्यादेश, पूररेषेचा नकाशा आणि जलसंपदा विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र यांच्या प्रती मागा. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते, म्हणून पावसाळा संपण्याची वाट पाहू नका. अर्ज या आठवड्यात द्या.

हे तिन्ही अडवण्याचे उपाय झाले. पेठ टिकण्यासाठी त्यापलीकडे एक मागणी हवी, आणि ती म्हणजे ‘वारसा परिसर’ या दर्जाची. १९६६ च्या अधिनियमाच्या कलम २२ मध्ये विकास आराखड्याने ज्या गोष्टींची तरतूद करावी असे म्हटले आहे, त्यांत वारसा इमारतींबरोबर वारसा परिसरांचे जतनही आहे. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागाला लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीतही वारसा यादी, तिच्या तीन श्रेणी आणि समिती यांची तरतूद आहे. मुंबईला अशी नियमावली १९९५ मध्येच मिळाली. आपल्याकडच्या लहान गावांत मात्र ही यादी करण्याचा आग्रह कोणी धरला नाही आणि कोणी मागितल्याशिवाय ती झाली नाही.

‘परिसर’ या शब्दावर माझा इतका भर का, हे वाईच्या उदाहरणाने सांगतो. वाईच्या घाटांची नावे घ्या: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. हीच तेथल्या वस्त्यांचीही नावे आहेत. घाट आणि वस्ती यांना वेगळी नावे देण्याची गरज तिथल्या माणसांना कधी वाटली नाही. कृष्णाबाईचा उत्सवही घाटाघाटाने, म्हणजे आळीआळीने, पाळीपाळीने होतो. आळी उठवून घाट ठेवला तर पालखी कोणत्या दारातून निघणार आणि नैवेद्य कोणत्या घरातून येणार? घाटाच्या पायऱ्या धुऊन, दिवे लावून, मागची वस्ती काढून टाकणे म्हणजे वारसा जपणे, असे ज्यांना वाटते त्यांनी उत्सवाच्या दिवसांत वाईला एकदा सकाळी जावे.

आपल्यासारखी मोहीम कधी यशस्वी झाली आहे का, असेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. झाली आहे. अमेरिकेतील सिएटल शहरात समुद्रकाठच्या उतारावर पाइक प्लेस नावाचा १९०७ पासूनचा जुना बाजार आहे. १९६०च्या दशकात तो बहुतांशी पाडून तेथे नव्या इमारती आणि वाहनतळ उभारण्याची योजना होती. व्हिक्टर स्टाइनब्रूक या वास्तुविशारदाच्या पुढाकाराने नागरिकांनी सह्या गोळा केल्या, पण निवेदन देऊन ते थांबले नाहीत. त्या सह्यांच्या जोरावर प्रश्न मतपेटीपर्यंत नेला आणि नोव्हेंबर १९७१ मध्ये मतदारांनी बाजार जपण्याच्या बाजूने कौल दिला. आपल्या कायद्यात तसे मतदान नाही. घेण्यासारखी गोष्ट पुढची आहे. तेथे नेमलेल्या आयोगाला इमारतींच्या दर्शनी भागाबरोबर त्यांच्या वापरावरही लक्ष ठेवण्याचा अधिकार मिळाला, त्यामुळे भाजीवाले, मासेवाले आणि लहान दुकानदार तेथेच राहिले. आपल्या मागणीपत्रात हा मुद्दा पहिल्या पानावर घ्या.

न्यायालयाचा मार्ग शेवटचा ठेवा, पण तो आता पूर्वीइतका दूर नाही. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले असून सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. तेथे जाताना नोटिशींची वेळेत दिलेली उत्तरे, हरकतींच्या पोची आणि माहिती अधिकारातील कागद ज्याच्या हातात असतील, त्याचे म्हणणे ऐकले जाण्याची शक्यता अधिक. भावना खऱ्या असूनही तेथे पोच मागतात.

प्रश्न : मी अशाच एका वाड्याचा मालक आहे. सातबारा आणि मिळकत पत्रिकेवर मिळून आम्ही सव्वीस वारस आहोत. पुण्यापासून परदेशापर्यंत पांगलेले. दरवर्षी कौले शाकारण्याचा खर्च माझ्या एकट्यावर येतो. मोहीमवाले येतात आणि ‘वारसा’ म्हणून फोटो काढून जातात. वारसा यादीत नाव गेले की खिळाही ठोकता येणार नाही असे ऐकले आहे. मग मी का पाठिंबा द्यावा?
— एक वाडामालक, वाई तालुका

उत्तर : आपला राग योग्य आहे, आणि ज्या मोहिमेला मालकाच्या खिशाचे उत्तर देता येत नाही ती मोहीम मला अपुरी वाटते.

आधी खिळ्याविषयी. लोक दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात. केंद्र सरकारने राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून घोषित केलेल्या स्मारकाभोवती १०० मीटरचा प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटरचा विनियमित पट्टा असतो, आणि तेथे बांधकामाचे नियम खरोखर कडक आहेत. राज्य सरकारही १९६० च्या स्वतःच्या अधिनियमाखाली स्मारके संरक्षित घोषित करते. स्थानिक वारसा यादी ही या दोन्हींपेक्षा निराळी असते. तिच्यात पहिली श्रेणी ही अपवादात्मक महत्त्वाच्या वास्तूंची असते आणि तेथे बदलाला फार कमी वाव असतो. दुसऱ्या आणि विशेषतः तिसऱ्या श्रेणीत परवानगीने आतले बदल, दुरुस्ती, कालानुरूप सोयी करता येतात. आपल्यासारख्या राहत्या वाड्यासाठी तिसरी श्रेणी किंवा ‘परिसराचा घटक’ हीच मागणी व्यवहार्य आहे. तसे हरकतीच्या टप्प्यावर लेखी मांडण्याचा आपल्याला हक्क आहे.

पैशाविषयी मी खोटी आशा दाखवणार नाही. वारसा इमारतीच्या मालकाला न वापरलेल्या बांधकामहक्काच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क मिळण्याची तरतूद आहे. मोठ्या शहरात त्याला गिऱ्हाईक मिळते. तालुक्याच्या गावात ते मिळेल असे मी आपल्याला सांगू शकत नाही. म्हणून मोहिमेने आपल्यासाठी ज्या गोष्टी मागाव्यात असे मला वाटते त्या साध्या आहेत: मालमत्ता करात सवलत, दुरुस्तीच्या परवानगीसाठी एकाच खिडकीवर ठरलेल्या मुदतीत निर्णय, चुना आणि जुन्या सागवानासाठी मदत, आणि सुशोभीकरणाच्या रकमेतला काही वाटा घाटाच्या दिव्यांऐवजी घाटामागच्या कौलांवर. मेणवली आणि वाई येथे चित्रपटांची चित्रीकरणे किती होतात हे आपण रोज पाहता. नदी, घाट आणि मागचे वाडे एकत्र दिसतात म्हणूनच ते लोक तेथे येतात. त्या उत्पन्नातले काही त्या वाड्यांच्या डागडुजीला मिळावे, ही मागणी आजवर कोणी नीट मांडलेली माझ्या पाहण्यात नाही.

सव्वीस वारसांबाबत एकच सुचवतो. पाडण्यासाठी बांधकाम व्यावसायिक जितक्या चिकाटीने एकेका वारसाची सही मिळवतो, तितक्या चिकाटीने आपण एका व्यक्तीच्या नावे देखभालीपुरते कुलमुखत्यारपत्र मिळवा. विक्रीचा अधिकार त्यात नसावा. नोंदणी करून घ्यावी. नोटिशीला उत्तर देणारा एक अधिकृत माणूस वाड्याला मिळाला, की निम्मा धोका तेथेच कमी होतो. आणि फोटो काढून जाणाऱ्यांना पुढच्या वेळी कौले शाकारण्याच्या दिवशी बोलवा.

प्रश्न : आम्ही वाड्यात तीन पिढ्या भाड्याने राहतो. मालकाला नोटीस हवीच होती असे वाटते, कारण नोटीस आल्यापासून त्यांनी दुरुस्ती पूर्ण थांबवली आहे. वाडा पडला तर आमचा हक्क संपतो का? — एक भाडेकरू भगिनी, सातारा

उत्तर : आपल्याला जी शंका येते ती अनेक गावांत खरी ठरलेली आहे, पण पुराव्याशिवाय मी आपल्या मालकांवर आरोप करणार नाही, आणि आपणही सार्वजनिक सभेत तो करू नये.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे जागा राहण्यायोग्य ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. लेखी सूचना देऊनही १५ दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूला स्वतः दुरुस्ती करून तो खर्च कायद्याने घातलेल्या मर्यादेत भाड्यातून वळता करता येतो. ही लेखी सूचना आजच द्या. तोंडी सांगितलेल्या शंभर गोष्टींपेक्षा पोच मिळेल अशा टपालाने गेलेले एक पत्र नंतर कामाला येते. पाडून नवे बांधायचे म्हणून मालकाने जागा रिकामी मागितली, तर न्यायालय त्याच्याकडे पैसा आहे का, आराखडे मंजूर आहेत का, हे तपासते. इमारत अतिधोकादायक म्हणून तातडीने रिकामी करावी लागली, तर घर सोडण्यापूर्वी प्रत्येक भाडेकरूचे नाव, खोल्या आणि मोजलेले क्षेत्रफळ यांची नोंद करून तिची प्रत द्यावी, अशी लेखी मागणी मुख्याधिकाऱ्यांकडे करा. जुनी भाडेपावती, वीजबिल, शिधापत्रिका यांच्या प्रती वाड्याबाहेर, नातेवाइकाकडे ठेवा.

मोहिमेच्या बैठकीला आपण जाता का, हे आपल्या पत्रातून कळले नाही. पुष्कळ ठिकाणी त्या बैठका मालकांच्या दिवाणखान्यात होतात आणि भाडेकरू दारात उभे असतात. पेठेतील घरे जितकी मालकांची तितकीच आपल्या तीन पिढ्यांची आहेत. समितीत भाडेकरूंना जागा मागून घ्या.

प्रश्न : सांगलीत आम्ही २००५, २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिला. २०१९ मध्ये घराच्या पहिल्या मजल्यावर पाणी होते. दर काही वर्षांनी बुडणारी नदीकाठची वस्ती जपण्याचा हट्ट म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळ नाही का? त्यापेक्षा तेथे भिंत बांधून बाग करणे शहाणपणाचे नाही का? — एक वाचक, सांगली

उत्तर : ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, तेथे इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ज्याच्या घरात ते पाणी शिरले त्याला ‘वारसा’ हा शब्द ऐकवताना मला संकोच वाटतो. म्हणून आपला प्रश्न मी टाळणार नाही.

नदीकाठची सगळी जुनी वस्ती पुराला अडाणी होती, असे मात्र नाही. वाईचे ढोल्या गणपतीचे मंदिर १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी अगदी नदीपात्रालगत बांधले. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची, पुढे निमुळती केलेली आहे, त्यामुळे पुराचा लोंढा तिच्यावर दुभंगतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो. अडीचशेहून अधिक वर्षे ते मंदिर तेथे उभे आहे. घडीव दगडाचे उंच जोते, खालच्या सोप्यात मोलाचे काही न ठेवण्याची रीत, वर माडी, घाटाच्या पायऱ्यांवरून चढत्या पाण्याचा अंदाज घेण्याची सवय, ही सगळी पुरासोबत राहण्याची विद्या होती. पाणी वर येणार हे गृहीत धरून ते लोक बांधत होते.

आज धोका वाढला आहे तो नंतरच्या भरावांनी, ओढे-नाले बुजवल्याने आणि पूररेषेच्या आत झालेल्या नव्या बांधकामांनी. नियमावलीत निळी रेषा ही २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते, आणि निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई आहे. मग जुनी पेठ पाडून त्याच निळ्या रेषेत काँक्रीटची संरक्षक भिंत, भराव घालून उंचावलेला रस्ता आणि वाहनतळ कसा बसतो, हा प्रश्न सुशोभीकरणाच्या प्रत्येक चित्राला विचारला पाहिजे. भिंतीने एका काठाचे पाणी अडते, पण ते समोरच्या काठावर आणि खालच्या गावांत चढते. दगडी घाटावरून पाणी चढते आणि उतरते. वाट अडवलेले पाणी उतरायला वेळ घेते.

तरीही काही घरे राहण्यासाठी सोडावी लागतील, हे मी मान्य करतो. ज्या घरात दर चार-पाच वर्षांनी पाणी माडीपर्यंत येते तेथे म्हाताऱ्या माणसांनी आणि लेकरांनी पावसाळा काढावा असे मी म्हणणार नाही. अशा घरांचा तळमजला दुकान, वाचनालय, उत्सवाची खोली अशा वापराला देता येतो आणि कुटुंबाला जवळच, लाल रेषेच्या वर, जागा मागता येते. ‘जवळच’ या शब्दावर आग्रह धरा. गावाबाहेरच्या माळावरचे पुनर्वसन म्हणजे पेठ मोडणेच होय.

आपल्या हरिपूरचे उदाहरण मला नेहमी आठवते. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमाजवळच्या त्या गावात हळद जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षे साठवली जात असे. तिथली माती अशा साठवणीला योग्य होती, म्हणून सांगलीचा हळदबाजार त्या पेवांवर उभा राहिला. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले, फार मोठे नुकसान झाले आणि साठवणूक गोदामांकडे वळली. पेवे कोणी पाडली नाहीत, पण वापर गेला तसे पेव भरणारे हातही गेले. त्या वेळी निवडक पेवे पाणी शिरणार नाही अशी दुरुस्त करून ठेवता आली असती, असे मला आजही वाटते. पूर हे कारण खरे असते. त्या कारणाने सगळेच एका फटक्यात सोडून द्यायचे की काय सांभाळायचे आणि काय हलवायचे हे घरागणिक ठरवायचे, एवढाच माझा आपल्याशी मतभेद आहे.

प्रश्न : आम्ही महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी आहोत. आमच्या हाती पैसा नाही, ओळखी नाहीत. नदीकाठच्या आळीसाठी आम्ही काय करू शकतो? — चार मैत्रिणी, सांगली

उत्तर : घरोघरी जाऊन नोंद करा. ज्या आळीची नोंद नाही तिचा वारसा यादीत समावेश करा असे कोणी कितीही म्हटले, तरी समितीपुढे ठेवायला काही नसते, आणि हे काम करायला नगरपालिकेकडे माणूसही नसतो.

प्रत्येक घरासाठी एक पान करा. नगर भूमापन क्रमांक, मिळकत पत्रिका, मालक आणि भाडेकरू यांची परवानगी घेऊन घेतलेली माहिती, बांधणीचा प्रकार, किती खण, चौक आहे की नाही, खालच्या मजल्याचा आजचा वापर, २०१९ चे पाणी भिंतीवर कुठवर आले त्याची खूण आणि जमिनीपासून तिची उंची, तारखेसह चार बाजूंची छायाचित्रे. फीत घेऊन दोघींनी मोजावे, एकीने लिहावे, एकीने घरातल्या आजींशी बोलावे. आजींचे बोलणे ध्वनिमुद्रित करा. कोणत्या पायरीवर कोणता उत्सव बसतो, कोणत्या पायरीपर्यंत पाणी आले की सामान माडीवर चढवायचे, हे कोणत्याही नकाशावर सापडत नाही.

वाड्यात मोडी कागदांची रुमाल-बस्ते मिळाली तर ती स्वतः उघडू नका आणि रद्दीत जाऊ देऊ नका, जाणकाराला बोलवा. नाना फडणवीसांच्या मेणवलीच्या वाड्यातील कागद आज ‘मेणवली दफ्तर’ म्हणून अभ्यासकांच्या हाती आहेत, ते जपले गेले म्हणून. जुन्या संदर्भांसाठी १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेले सातारा जिल्ह्याचे गॅझेटियर पाहा. आजच्या सांगली जिल्ह्याचा काही भाग तेव्हा साताऱ्यातच मोडत होता.

पाने तयार झाली की तीन प्रती करा: एक आळीच्या समितीकडे, एक आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि एक नगररचना कार्यालयात आवक क्रमांकासह. तो आवक क्रमांक पहिल्या पानावर लिहून ठेवा. काम दिवाळीच्या सुट्टीत सुरू करा, कारण तेव्हा परगावी गेलेले लोक घरी आलेले असतात आणि बंद असलेली दारे त्या आठवड्यात उघडी असतात.